दादांच्या दातांचा घोळ

आमच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे धाकटे म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे, केस मागे सरकलेले, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि तरी धाकटे. नोकरीला चिकटवायला त्यांचा मोठा भाऊ त्यांना घेऊन आला होता. तेव्हाच्या डॉक्टरांना तो म्हणाला, हा माझा धाकटा. डॉक्टरांनी तेच उचललं. ते डॉक्टर गेले, त्यांची मुलगी दवाखाना बघायला लागली, आणि ती त्यांना धाकटे काका म्हणते. खरं नाव काय ते मलासुद्धा जरा आठवावं लागतं.

मी पुढच्या टेबलाशी बसते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, घाबरलेल्यांना पाणी द्यायचं आणि ज्यांना काही होत नसतं त्यांचंही ऐकून घ्यायचं. दात दुखणाऱ्या माणसांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर माझ्या अंगात फारशी दया उरलेली नाही. घोळ घालणारी माणसं तर मला मुळीच सहन होत नाहीत. धाकटे हा त्याला एकच अपवाद होता, आणि तोही त्यांनी त्यांच्या दादांच्या दातांच्या वेळी जवळजवळ संपवत आणला.

धाकटे कवळ्या बनवतात. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतात, ते मागच्या खोलीत जातं. धाकटे त्यावरून प्लॅस्टरचा साचा करतात, साच्यावर मेणाची कड चढवतात, आणि ती कड पेशंटच्या तोंडात घालून डॉक्टर चावा घेतात. चावा घेतात म्हणजे माणूस तोंड मिटतो तेव्हा वरचा आणि खालचा जबडा नेमका कुठे भेटतो ते मेणावर उतरवून घेतात. त्या चाव्यावर पुढचं सगळं उभं असतं. तो चुकला तर दात कितीही सुबक असोत, माणूस ना नीट खाऊ शकत ना नीट बोलू शकत. चावा घेताना माणसाने जबडा सैल सोडायचा असतो. हे ऐकायला सोपं वाटतं. आखडलेला माणूस खालचा जबडा पुढे काढतो, आणि मग सगळं मुसळ केरात.

गंमत म्हणजे धाकट्यांचा स्वतःचा जबडा कधी सैल पडलेला मी पाहिला नाही. झोपेत ते दात खातात. त्यासाठी त्यांनी स्वतःच एक पातळ पट्टी बनवून घेतली आहे, ती रात्री दातांवर चढवून झोपतात आणि चावून चावून तिला भोकं पाडतात. मग नवी बनवतात. दिवसा मात्र माणूस गाईसारखा. कुणाशी चढ्या आवाजात बोलणं नाही, कुणाला उलटून उत्तर नाही. राग काढायला त्यांच्याकडे टेबलाचा एक खण होता. तो अडकायचा. धाकटे त्याला हिसडे मारायचे, दातओठ खाऊन काहीबाही बोलायचे, आणि खण उघडला की इकडेतिकडे बघून तो हळूच बंद करायचे. मी एकदा सुतार बोलावला. रंधा मारायला पाच मिनिटं लागली असती. धाकट्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाले, राहू द्या, सवय झाली आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्या खणाची त्यांना गरज आहे.

आता दादा. वडील गेले तेव्हा दादा कॉलेजात होते आणि धाकटे शाळेत. दादांनी कॉलेज सोडलं आणि बस डेपोत नोकरी धरली. पुढे ते तिथले वाहतूक नियंत्रक झाले. कुठली गाडी कधी सुटणार, कुठली थांबणार, हे ते कर्ण्यावरून सांगायचे आणि सगळा डेपो ऐकायचा. घरीही तेच. धाकट्यांची शाळा, धाकट्यांची नोकरी, धाकट्यांची बायको, सगळं दादांनी ठरवलं, आणि खरं सांगायचं तर काही वाईट ठरवलं नाही. स्वतःचं लग्न त्यांनी धाकट्यांचं शिक्षण होईपर्यंत लांबवलं होतं. अशा माणसावर चिडायचं कसं? उपकार करणाऱ्यावर राग येणं ही मोठी अडचणीची गोष्ट असते. राग येतो, आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटते, आणि या दोन्हींच्या मधे माणूस दात खात बसतो.

दर रविवारी दोन्ही कुटुंबं दादांकडे जेवायची. जेवण झालं की दादा खुर्चीत बसून काडीने दात कोरायचे, आणि त्या वेळी घरातले सगळे प्रश्न त्यांच्यापुढे यायचे. दादा ऐकायचे, कोरायचे, आणि मग एका शब्दात निकाल द्यायचे. चालेल. किंवा नको. धाकट्यांचं त्यावर एकच उत्तर ठरलेलं होतं. हो दादा.

एकच निकाल धाकट्यांच्या मनाला लागला होता. तरुणपणी, दवाखान्यात यायच्या आधी, त्यांना जहाजावर रेडिओ दुरुस्तीचं काम मिळत होतं. दादांनी काडी बाजूला ठेवली आणि नको म्हणाले. हे धाकट्यांनी मला फार वर्षांपूर्वी अगदी सहज सांगितलं होतं, हवापाण्यावर बोलावं तसं. सांगताना ते मेण वितळवत होते, आणि मेण जळून गेलं.

तर हे दादा म्हातारे झाले, दात हलायला लागले, आणि आमच्या डॉक्टरांनी उरलेसुरले काढून टाकले. हिरड्या भरून यायला वेळ द्यावा लागतो, मग कवळी. दादांना बोळकं झालेलं तोंड लोकांना दाखवायची लाज वाटायची. ते सतत तोंडावर रुमाल धरून असायचे आणि बोलणं त्यांनी जवळजवळ बंद केलं. रविवारची जेवणं सुरू राहिली, निकाल थांबले. दादांचे दात आले की बोलू, असं सगळं घर म्हणायला लागलं.

नेमक्या याच काळात धाकट्यांच्या लेकीला नोकरी लागली. पुलांची तपासणी करणारी कंपनी, लांबच्या शहरात. पुलाखाली पाळण्यात लटकून भेगा बघायच्या. पोरगी हुशार आणि तोंडाने फटकळ, मला आवडते. ती एकदा डबा द्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, तू चांगली मोठी झालीस, जायचं तर जा की. ती म्हणाली, प्रश्न माझ्या जाण्याचा नाही, बाबांचा आहे. मी पळून गेल्यासारखी जाणार नाही. बाबांनी मोठ्या काकांना सांगायचं की ती जाते आहे. विचारायचं नाही, सांगायचं. नाही सांगितलं तर मी कंपनीला येत नाही म्हणून कळवते आणि इथेच कुठेतरी चिकटते. पण मग पुन्हा कधी बाबांशी त्यावर बोलणार नाही.

कंपनीने हजर व्हायला महिनाअखेरचा सोमवार दिला होता.

म्हणजे सगळं येऊन अडलं ते दादांच्या दातांवर. दात आले की दादा बोलणार, दादा बोलले की नको म्हणणार, आणि धाकटे हो दादा म्हणणार. दात आले नाहीत तर निकाल नाही, पण सोमवार काही दातांसाठी थांबणार नव्हता. आणि हे दात बनवायचे होते धाकट्यांनाच.

पहिल्यांदा चावा चुकला. त्यात धाकट्यांचा दोष नव्हता. दादा डॉक्टरांपुढे काठीसारखे ताठ बसले आणि जबडा पुढे काढला. मेणात दात बसवून पाहिले तर मागचे भिडेनात. पुन्हा चावा घ्यावा लागला, तोही तसाच आला. मग धाकट्यांना दातांचा रंग पटेना. फार पांढरे दिसतात म्हणाले. सगळे काढले, दुसरे बसवले. मग ते फार पिवळे वाटले. एरवी हा माणूस डोळ्यांनी रंग ओळखतो आणि पुन्हा वळून बघत नाही. मला संशय आला.

दादा दर खेपेला रुमाल धरून यायचे. अंगाने उतरले होते. पातळ आणि कुस्करलेलं खाऊन खाऊन माणूस किती तग धरणार? मी त्यांना एकदा म्हटलं, फार उशीर होतोय, मी मागे जाऊन सांगते. दादांनी रुमालाआडून मान हलवली. "धाकट्याला घाई करू नका," ते म्हणाले. शब्द सगळे फुसफुसत आले, तरी कळले. "तो करतोय ना, नीट करेल."

हे मी धाकट्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी खणाला असा काही हिसडा मारला की मूठ हातात आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. मी गेले. दादांच्या खालच्या जबड्याचा साचा फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले होते आणि धाकटे त्याच्याकडे बघत उभे होते. त्यांच्या हातून साचा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी केरसुणी आणायला वळले, तर म्हणाले, बाई, जरा थांबा.

मी थांबले. ते स्टुलावर बसले.

"मला खरंच कळत नाहीये," ते म्हणाले, "हा माझ्या हातून सुटला की मी सोडला."

मग सगळं बाहेर आलं. रविवारी दादा गप्प असतात तेव्हा आपल्याला बरं वाटतं. जेवण गोड लागतं. परवा तर आपण दादांच्या घरात मोठ्याने हसलो. आणि घरी परतताना आपल्या मनात आलं की दादांचे दात नाहीच झाले तर? ज्याने आपल्याला भरवलं त्याच्या तोंडचा घास आपण अडवतोय. आणि तरी हात चालत नाही. लेक रोज संध्याकाळी बघते आणि काही विचारत नाही, ते तर त्याहून वाईट.

मला त्यांची दया आली हे खरं, पण त्याहून जास्त वैताग आला. मी म्हटलं, मग सांगून टाका ना एकदाचं.

"सांगणार आहे," ते म्हणाले.

"कधी?"

"दादांचे दात झाले की."

"आणि दात कधी होणार?"

त्यावर ते तुकडे गोळा करायला लागले. मी केरसुणी आणून दिली आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

डॉक्टर बाई वयाने लहान असल्या तरी त्यांना माणसं कळतात. त्यांनी धाकट्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. दादांना पुन्हा बोलावलं, पुन्हा माप घेतलं, नवा साचा झाला. चावा घ्यायची वेळ आली तेव्हा त्या मागे गेल्या आणि म्हणाल्या, काका, या वेळी तुम्ही घ्या. ते माझ्यापुढे आखडतात. घरचं माणूस असलं तर जबडा सैल सोडतील कदाचित. धाकट्यांनी हात पुसले, चष्मा पुसला, पुन्हा हात पुसले. ते पेशंटच्या खुर्चीजवळ सहसा येतच नाहीत. त्यांची सगळी ओळख साच्यांशी.

मी मेण गरम करायचा दिवा धरून उभी होते म्हणून जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

दादा खुर्चीत मागे रेलले. रुमाल मांडीवर ठेवावा लागला. धाकट्या भावापुढे तोंड उघडतानाही त्यांनी आधी मान दुसरीकडे वळवली. धाकट्यांनी मेणाच्या कडा त्यांच्या तोंडात बसवल्या. जीभ मागे टाळूला लाव, म्हणाले. आता हळू मिट. दादांनी मिटलं आणि जबडा पुढे आला. पुन्हा. पुन्हा तेच. धाकट्यांनी मेण काढून माझ्याकडे दिलं, मी ते मऊ करून परत दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी दादांच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि खालून अंगठ्यांनी हनुवटीला आधार दिला. दादांचे डोळे छताकडे.

"मिट," धाकटे म्हणाले. मग आवाज जराही न बदलता म्हणाले, "दादा, पोरगी सोमवारी जाणार आहे. मी तिला जा म्हटलंय. बोलू नकोस, चावा बिघडेल."

लेकीला त्यांनी अजून काही सांगितलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. डॉक्टर एकदम ट्रेमधल्या हत्यारांकडे बघायला लागल्या.

दादांचे डोळे छतावरून खाली आले. उजवा हात खुर्चीवरून उठला आणि तर्जनी वर गेली. डेपोत सुटणारी गाडी थांबवताना ते अशीच करत असणार. घशातून काहीतरी आवाजही आला.

"बोलू नकोस," धाकटे म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण बोटं जागेवर होती. "मलाही जायचं होतं तेव्हा. जहाजावर. तू नको म्हणालास आणि मी हो म्हणालो. चूक तुझी एकट्याची नाही. पण तिच्या बाबतीत मी विचारत नाहीये, दादा. सांगतोय."

बोट थोडा वेळ तसंच वर राहिलं. मग हात खाली आला आणि खुर्चीच्या दांड्यावर पडला. धाकट्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांच्या बोटांखाली काहीतरी हललं आहे. जबडा मागे गेला होता.

"हं. असाच राहा," ते म्हणाले.

मेण थंड होईपर्यंत बोटं तिथेच होती. मग धाकट्यांनी ते अलगद काढलं, गार पाण्याच्या वाडग्यात ठेवलं आणि वाडगा घेऊन मागच्या खोलीत गेले. अक्षरशः पळाले. दादांच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दादा बराच वेळ रुमाल हातात घेऊन बसले होते, तोंडावर धरायचं विसरून. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, दात कधी मिळतील. मी म्हटलं, लवकर.

चावा अचूक आला होता. धाकट्यांनी दात बसवले, साच्यात हिरड्यांचा गुलाबी मसाला भरून शिजवले, घासले, चमकवले, आणि रंगाबद्दल एक अक्षर काढलं नाही. चावा घेतला त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगितलं की दादाला सांगून झालंय, आता सामान बांध. ती सोमवारी गेली. तिला सोडायला दादा आले नाहीत. त्याआधीच्या रविवारचं जेवण म्हणे नुसत्या ताटांच्या आवाजात झालं. कवळी डॉक्टरांनीच दादांना बसवून दिली. धाकटे तेव्हा बाहेर आले नाहीत.

एखाद्याला वाटेल की यानंतर धाकटे मोकळे झाले. तसं काही झालं नाही. दात खाणं सुरूच होतं. खणाला नवी मूठ बसवली आणि तो पुन्हा अडकायला लागला. ते मला एकदा म्हणाले, बाई, मी त्याचं तोंड बंद करून बोललो. त्याला काय अर्थ आहे? त्यांचं म्हणणं खरं होतं.

नव्या कवळीने हिरडीला कुठेतरी टोचतं, ते घासून घ्यायला पेशंटला परत यावं लागतं. दादा आले. रुमाल खिशात, गाल भरलेले, आवाज परत आलेला. दारातूनच त्यांनी मला हाक मारली आणि बाहेर बसलेल्या पेशंटनी वळून पाहिलं. डॉक्टर एका लहान मुलात गुंतल्या होत्या, म्हणून दादा थेट मागच्या खोलीत गेले. मी कवळीची डबी द्यायला मागोमाग गेले.

धाकट्यांनी कवळी काढून घेतली, टोचत होतं तिथे घासली, धुतली, परत दादांच्या तोंडात बसवली.

"बोलून बघ," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही."

दादांनी दात दोनदा मिटून पाहिले. मग भिंतीवरच्या साच्यांकडे बघत म्हणाले, "मला नुसतं विचारलं असतंस ना, तरी मी हो म्हटलं असतं."

शब्द एकूण एक स्पष्ट आले. मी धाकट्यांकडे पाहिलं. कानाखालचा स्नायू फुगला होता. खणाच्या वेळी फुगायचा तसाच. आयुष्यात एकदा कसंबसं जे केलं, तेही दादांनी एका वाक्यात फुकट घालवलं होतं. आता हे हो दादा म्हणणार, असं मी मनात धरलं आणि निघायला वळले. मला ते ऐकायचं नव्हतं.

"नाही दादा," धाकटे म्हणाले. "तू हो म्हटलं नसतंस."

या वेळी दादांच्या तोंडात मेण नव्हतं. बोलायला त्यांना पूर्ण मोकळीक होती आणि आवाज बाहेरपर्यंत पोचला असता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. धाकटे समोर उभे होते, हात ओले, आणि नजर खाली नव्हती.

"नसतं म्हटलं," दादा म्हणाले.

धाकट्यांनी हात पुसले. मग विचारलं, "दुखतंय अजून?"

"थोडं."

"दुखेल थोडे दिवस," धाकटे म्हणाले. "मग सवय होते."